भासऱ्याची पेज

उमाजी भाऊ सोळा वर्षं बकरीशी बोलत होते. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. टिंगल करायची तर आमच्या गावात याहून चांगले विषय आहेत आणि मी ते सोडलेले नाहीत. सकाळी तळ्यावरून आले की भाऊ छपरीत जाळं टाकायचे आणि खांबाला बांधलेल्या बकरीकडे बघून म्हणायचे, "ए लाली, पानी तापलं का?" आत चुलीपाशी बसलेली प्रेमिला भिंतीला सांगायची, "ठेवलं हाये." बकऱ्या बदलत गेल्या, नाव लालीच राहिलं; बकरी काही बोलायची नाही. काम मात्र बिनबोभाट व्हायचं.

प्रेमिला ही त्यांच्या धाकट्या भावाची, भूपेशची बायको. म्हणजे उमाजी तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या जुन्या वळणाच्या घरांत भासरा आणि धाकटी सून एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना शिवत नाहीत. तो आला की तिने पदर पुढे ओढायचा, तो जेवून उठल्याशिवाय तिने ताट घ्यायचं नाही. तो घरात शिरताना खाकरतो, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळतो. भूपेशला भाऊंनीच लहानाचा मोठा केला, प्रेमिलाला पसंत करून भाऊंनीच आणली, आणि आणल्यावर तिचा चेहरा काही परत पाहिला नाही.

मी संघप्रिया, गावची आशा कार्यकर्ती. आरमोरीपासून आठ किलोमीटरवर, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्याच्या, पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी आमचं गाव. आमच्या वस्तीत असलं काही नाही. माझा भासरा आणि मी एकाच ताटलीतल्या भज्यांवरून भांडतो. त्यामुळे या बकरीच्या टेलिफोनचं मला आधी हसू यायचं. मग एक दिवस असा आला की मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागात माझी स्वतःची एक मोठी चूक मला दिसली नाही. ती पुढे येईलच, लपवून ठेवण्यासारखी नाही.

फेब्रुवारीत भाऊ आरमोरीच्या बाजारात मासोळी विकून सायकलने परत येत होते. नाल्याच्या उतारावर रानडुक्कर आडवं आलं. भाऊ सायकलवरून हनुवटीवर पडले, आणि पडताना दोन्ही हात पुढे केले. खालचा जबडा दोन जागी मोडला, उजवं मनगट मोडलं, डावा खांदा निखळला. नागपूरला ऑपरेशन झालं. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना तारेनं बांधून टाकले आणि सांगितलं, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. उजव्या हाताला प्लास्टर, डावा हात छातीशी बांधलेला, त्याची फक्त बोटं मोकळी. माणूस जिवंत होता, पण बांधलेल्या गाठोड्यासारखा.

सुट्टी झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भूपेशला बजावून सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी वजन चोपन्न होतं, आता बावन्न आहे. अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर हाड जुळायचं नाही, मग परत भरती करून नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

भूपेशनं हे घरी येऊन सांगितलं आणि उमाजी भाऊंनी डोळे मिटून घेतले. त्यांची बायको पंधरा-वीस वर्षांपूर्वी दवाखान्यात वारली, ती नाकात नळी असतानाच. तेव्हापासून नाकातली नळी म्हणजे परतीचा रस्ता बंद, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. देवाजी म्हणून त्यांचे जाळ्यावरचे सोबती आहेत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, थो परत नागपूरले जानार नाई. उचलून नेला तरी नाई. मी त्याले वळखतो."

म्हणजे हिशेब सरळ होता. चार किलोच्या आत हा माणूस सहा आठवडे काढतो की नाही, एवढंच.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या छपरीत सगळं सामान मांडून दाखवलं. दोन मोठ्या पिचकाऱ्या, बिनसुईच्या. पिचकारीच्या टोकाला लावायची वीतभर मऊ नळी. लहान मुलाचा ब्रश, मीठपाण्याचा तांब्या, गाळणी, आणि तार कापायची एक छोटी पक्कड. नळीचं टोक गालाच्या आतून, मागच्या दाढेच्या पलीकडे जी फट असते तिथं ठेवायचं आणि पिचकारी सावकाश दाबायची. बसवूनच पाजायचं. दिवसातून सात-आठ वेळा. ठसका लागला तर आधी माणसाला पुढे वाकवायचं, तोंडातलं दातांच्या फटींतून बाहेर पडतं. तरीही श्वास येईना तर पक्कडीनं तारा कापायच्या, मग हाडाचं काय व्हायचं ते होवो. पक्कड मी लाल दोऱ्यानं खाटेवरच्या खुंटीला टांगली. प्रेमिलाला एक तार देऊन तिच्याकडून तीनदा कापून घेतली. ती पदराआडून ऐकत होती आणि एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती.

"आनि द्यायचं काय?" तिनं विचारलं.

मला घाई होती, पुढे लसीकरण होतं. मी म्हणाले, "पातळ. एकदम पान्यासारखं पातळ. काही अडकलं नाई पायजे."

भूपेश सूरजागडच्या खाणीवर लोखंडी दगडाचा ट्रक चालवतो. त्याला चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. चारही दिवस त्यानं भावाला नीट पाजलं. पाचव्या दिवशी निघताना माझ्या घरी आला, उंबऱ्यातच उभा राहिला. "बाई, ध्यान द्या. मी नाई गेलो तं दुसरा ड्रायव्हर ठेवतीन." मुलगी डिंपल गडचिरोलीला वसतिगृहात. म्हणजे घरात उरली दोनच माणसं, एकमेकांशी न बोलणारी, आणि एक बकरी.

त्या दिवशी दुपारी तीनला मी गेले तर छपरीत स्टुलावर पेजेच्या दोन वाट्या तशाच. एक सकाळची, वर साय धरलेली, एक दुपारची. उमाजी भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेले. आत प्रेमिला जमिनीवर, पदरात तोंड घालून.

माझं डोकं फिरलं. मी चुलीपाशी जाऊन तिला नको नको ते बोलले. माणूस मरून राह्यला आणि तुले पदराची पडली, कोन्या जमान्यात राहतेस, असलं बरंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी म्हनता थे खरं हाये. मी सकाळी पिचकारी घेऊन गेली होती त्यायच्या पुढं. थे तोंड फिरवतात. दोनदा गेली, दोनदा फिरवलं. मंग पाजू कोनाले, भिंतीले?"

मी बाहेर आले आणि उरलेला राग भाऊंवर काढला. त्यांनी माझ्या हातून निमूट घेतलं. माझा हात चालतो, देवाजीचा चालतो, हिचा नाही. दातांआडून काहीतरी गुरगुरले. देवाजींनी नंतर मला अर्थ सांगितला: लेकरासारख्या भावाची बायको, तिच्यापुढं तोंडातून लाळ गाळत बसू काय? म्हणजे नुसती रीतच नव्हती, लाजही होती. पण लाज खाऊन पोट भरत नाही.

तीन दिवस आम्ही असंच रेटलं. सकाळी तळ्यावर जायच्या आधी देवाजी पाजायचे, संध्याकाळी मी. देवाजी जाळं फेकावं तशी पिचकारी मारायचे, अर्धं पोटात आणि अर्धं बंडीवर. मधला सगळा दिवस कोरडा. आठव्या दिवशी उपकेंद्रातला वजनकाटा स्कूटीवर बांधून नेला आणि भाऊंना दोघांनी धरून त्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो दोनशे. मी काटा उचलून हलवला, परत ठेवला. तेवढेच.

तिथंच बसले मी छपरीत. समोर लाली बांधलेली होती आणि मला एकदम जाणवलं की बकरी चांगलीच गरगरीत झाली आहे. पोट कसं टम्म. मी विचारलं, "प्रेमिला, हिले काय खाऊ घालतेस?"

"भाऊची पेज," ती आतून म्हणाली. "वरचं निवळ पानी भाऊले, खालचा गाळ हिले. डाळीचं बी तसंच. तुमीच म्हनलं ना, पान्यासारखं."

म्हणजे आठ दिवस तांदूळ बकरी खात होती, डाळ बकरी खात होती, आणि उमाजी भाऊ नुसतं धुवण पीत होते. भूपेश होता तेव्हाही हेच. सांगितलं ते अक्षरशः करणारी बाई ती, आणि सांगणारी मी. कुणाच्या पदराला नावं ठेवायची आणि कुणाच्या नाही, हे मला तेव्हा कळेना. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "माझी चूक झाली. पातळ म्हंजे बिनकसाचं नाई. सगळं द्यायचं, फक्त नळीतून जाईल असं करून द्यायचं."

तिनं मला दोष दिला नाही. मला तो हवा होता, पण दिला नाही. उलट तिनं एक विचित्र प्रश्न विचारला. "बाई, ही नळी लांब भेटते का?"

"किती लांब?"

"इथून तिथवर." तिनं दारापासून खाटेपर्यंत बोट दाखवलं.

तिच्या डोक्यात काय आलं होतं ते तिनं मग सांगितलं. पावसाळ्यात मच्छीमार सोसायटी मासोळीचं बी आणते, प्लास्टिकच्या पिशव्यांत, पाण्यात भरून. त्या पिशव्यांत हवा भरायला सिलिंडरची एक लांब नळी असते. सिलिंडर पाळीवर, पिशवी खाली पाण्यात, मधे दोन माणसांच्या उंचीचं अंतर, तरी पिल्लांना हवा पोचते. "मासोळीच्या पिल्लाले जवळ जाऊन कोनी फुंकर नाई मारत," ती म्हणाली. "मंग भाऊले जवळ जाऊन काऊन पाजायचं?"

मला खरं तर तिथंच भाषण द्यायचं होतं. रीत मोडून टाक म्हणून. पण वजनकाटा समोर होता आणि भाषणाला वेळ नव्हता. मी तशीच आरमोरीला गेले. सोसायटीची नळी नको म्हटलं, औषधाच्या दुकानातून सलाईनची बंद पाकिटातली नवी नळी घेतली, तिच्या टोकाला पिचकारी बसते हे तिथंच पाहून घेतलं. दोन घेतल्या, एक उकळून वाळत असली की दुसरी.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलानं दारात जुन्या पातळाचा पडदा लावला. आत उंबऱ्याशी ती, बाहेर खाटेवर भाऊ, पडद्याखालून नळी. नळीचं टोक डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी भाऊंनी स्वतःच गालात सरकवलं. स्वतः! मला वाटलं झालं, जिंकलं. पण लगेच अडलं. आतून तिला दिसेना, बाहेरून त्यांना बोलता येईना. कधी दाबायचं, कधी थांबायचं? पहिली पिचकारी बंडीवरच गेली.

प्रेमिला उठली आणि जाळ्याच्या ढिगातून एक दोर काढून घेऊन आली. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. लग्नाआधी ती बापासोबत डोंग्यातून, लहान नावेतून, मासे धरायला जायची. दोघं जाळ्याच्या दोन टोकांना, मधे सगळी नदी, पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. मग दोरानं बोलायचं. एक ओढ म्हणजे सोड. दोन ओढी म्हणजे थांब. हे नदीवरच्या आणि तळ्यावरच्या सगळ्या ढिवरांना ठाऊक. तिनं एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं पडद्याखालून बाहेर सारलं. देवाजींनी ते भाऊंच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. कुणी काही समजावून सांगितलं नाही. भाऊंनी दोराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि अंगठा एकदा आखडला.

आतून पेज आली.

सोळा वर्षांत त्या दोघांचं ते पहिलं थेट बोलणं. बकरी मधे नव्हती. मला हसू येत होतं आणि मी पदरानं डोळेही पुसत होते. देवाजी म्हणाले, "काऊन रडता बाई?" मी म्हणाले, चुलीचा धूर.

त्यानंतर प्रेमिलाचा जो कारखाना सुरू झाला तो पाहण्यासारखा होता. माझ्या सांगण्यावर ती आता अवलंबून नव्हती. तांदूळ आणि तुरीची डाळ खमंग भाजून दळायची आणि त्या पिठाची पेज करायची, तूप घालून. शेंगदाणे पाट्यावर गंधासारखे वाटायची. मोहाची फुलं पडायला लागली होती, ती उकळून त्यांचा रस गाळायची. पण तिचा खरा हात दिसला मासोळीत. देवाजी मरळ आणून द्यायचे, जखम भरायला मरळीसारखं काही नाही असं इथं सगळे मानतात. ती मरळ शिजवून काटे बोटांनी चाचपून काढायची, मांस पाट्यावर वाटायची, रश्श्यात कालवायची, आणि मग तीनदा गाळायची. आधी गाळणीनं, मग झिंगे धरायच्या बारीक जाळ्याच्या नव्या तुकड्यानं, मग लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यानं. शेवटी एक थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटायची. मी विचारलं, चव बघतेस का? म्हणाली, "चव नाई, काटा बघून राह्यली." अंगणात दोरीवर जाळी वाळायची आणि जाळ्यांच्या शेजारी धुतलेली नळी, टोक खाली करून.

नळी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी काटा एकोणपन्नास चारशे म्हणाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पन्नास शंभर. भाऊंच्या गालांना जरा रंग आला. मी सगळ्या गावात आमच्या नळीची बढाई मारत फिरले. हो, आमच्या. चूक माझी एकटीची होती, नळी मात्र आमची.

भाऊ घरी आल्याच्या विसाव्या दिवशी मी बारा वाजता वजनकाटा घेऊन निघाले. फाटकापाशी स्कूटी लावत होते तेव्हा छपरीतून एक आवाज आला, घोगरा, पाण्यात बुडबुडे येतात तसा. आणि त्यावर प्रेमिलाची हाक. त्या घरात मी तिची हाक कधी ऐकली नव्हती.

काय झालं होतं ते नंतर जुळलं. पाजताना दोरावर रोज थोडी पेज सांडायची. लालीला आठ दिवस भाऊंच्या पेजेचा गाळ खायची चटक लागलेली. त्या दिवशी तिचा खुंट थोडा ढिला होता, ती दोरापर्यंत पोचली आणि चाटता चाटता ओढायला लागली. एक ओढ. थोड्या वेळानं एक ओढ. आत प्रेमिलाला वाटलं, भाऊ मागताहेत. तिला आनंद झाला, तिनं स्वतः मला सांगितलं. आज भाऊले भूक लागली म्हणून ती पिचकारीवर पिचकारी सोडत गेली. बाहेर भाऊ दोनदा ओढत होते, पण बकरीच्या ओढीत त्यांची ओढ मिसळून गेली. त्यांनी नळी गालातून उपसली, तोवर तोंडात भरलेलं श्वासाच्या वाटेनं गेलं होतं आणि तोंड उघडायला जागा नव्हती.

मी छपरीत पोचले तेव्हा पडदा खाली पडलेला होता. प्रेमिला खाटेवर गुडघा टेकून, भाऊंचं डोकं एका हातानं पुढे वाकवून, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या गालात घालून फट मोकळी करत होती. मरळीचा रस्सा दातांमधून तिच्या हातावर गळत होता. पदर कुठल्या कुठे. लाल दोऱ्याची पक्कड तिनं दातांत धरलेली. भाऊंचा चेहरा जांभळा झाला होता. मी पुढे झाले तर तिनं मानेनंच थांबवलं. ती श्वास ऐकत होती, जसा काटा बघायची तसा, डोळे मिटून. एक खोकला आला. मग एक लांब, फाटका श्वास. मग दुसरा, तो जरा बरा. तिनं दातांतली पक्कड काढून खाटेवर ठेवली. तारा शाबूत होत्या.

भाऊंचं कपाळ तिच्या खांद्यावर होतं आणि ते रडत होते. तीही रडत होती. मी वजनकाटा हातात धरून उभी, सांगायला लाज वाटते, पण मीही. कितीतरी वेळानं प्रेमिलाच्या लक्षात आलं की आपण कुणाला धरून बसलो आहोत. ती चटकन उठली, पदर ओढला आणि मागच्या न्हाणीत निघून गेली.

असा विटाळ झाला की आंघोळ करावी लागते म्हणे. तिनं केली. मी भाऊंना पुसून घेतलं, बंडी बदलली, लालीला मागच्या बाभळीला नेऊन बांधलं आणि वाटेत तिला दोन धपाटेही दिले. मनात एकच धाकधूक होती. आता हे परत घेतील का? आधी नुसतं पुढं आली तर तोंड फिरवत होते, आता तर तिचं बोट त्यांच्या तोंडात गेलं होतं. आणि घेतलं नाही तर पन्नासचे अठ्ठेचाळीस व्हायला चार दिवस पुरे होते.

प्रेमिला ओल्या केसांनी परत आली. पडदा बांधला. तिच्याही मनात तेच असणार, कारण नवी पिचकारी तिनं अर्धीच भरली. तिनं नळी बाहेर सारली, दोर मनगटाला गुंडाळला आणि मान खाली घालून बसून राहिली. बाहेर भाऊ तसेच बसलेले. त्यांनी आंघोळ केली नव्हती, मागितलीही नव्हती. मी दोराकडे बघत होते. पाच मिनिटं झाली असतील, मला ती तासाएवढी वाटली.

मग दोर हलला. एकदा.

प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अगं सोड, बकरी मागं बांधली हाये."

चौथ्या आठवड्यात भाऊंचा डावा हात सुटला. आता ते स्वतः पिचकारी धरू शकत होते, निदान वाटीला ओठ लावून ओढू तरी शकत होते. मी तसं म्हणालेही, "भाऊ, आता हात हाये ना मोकळा?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच मोकळ्या हातानं दोर अंगठ्याला बांधून घेतला. मी पुढं काही बोलले नाही. मला बोलणं आवरतं, हे पाहून माझा नवरासुद्धा चकित झाला असता.

सहा आठवडे झाले आणि नागपूरला तारा निघाल्या. भूपेश सुट्टी काढून गेला होता. हाड जुळलं होतं. नाकातली नळी लागली नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला ते गावात आले तेव्हा मी काटा घेऊन छपरीतच बसले होते. एक्कावन्न किलो तीनशे. देवाजींनी येऊन भाऊंची पाठ थोपटली. भाऊंचं तोंड एक बोटभरच उघडत होतं, अजून दोन आठवडे मऊच खायचं होतं. भूपेश गाडीचं भाडं द्यायला मागं थांबला होता.

प्रेमिलानं मऊ खिचडीची थाळी आणली, तूप घालून, खाली वाकून भाऊंच्या पुढं ठेवली आणि पडद्याआड निघाली. मी कान टवकारले. आता बकरीला काय सांगतात ते मला ऐकायचं होतं. लालीनंही मान वर केली. सहा आठवड्यांनी तिचा टेलिफोन सुरू होणार होता.

भाऊंनी लालीकडे पाहिलं. मग खाटेवरून खाली हात घातला, पडलेला दोर उचलला आणि दोनदा ओढला.

दोराचं दुसरं टोक प्रेमिला काम नसलं की दाराच्या कडीला बांधून ठेवायची, ते अजून तिथंच होतं. कडी वाजली. प्रेमिला उंबऱ्यातच थांबली, पाठमोरी.

"तुई थाली बी आन," भाऊ म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. "मी खाऊन उठेपर्यंत उपाशी नोको राहू."

ती आत गेली. भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं, आता येत नाही. पण ती आली, आपली थाळी घेऊन, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. पदर डोक्यावर होता, चेहऱ्यावर नव्हता. पडदा तिनं हातभर बाजूला सारला आणि कडीत खोचला. भाऊंनी चमचा उचलला. तो तोंडापाशी नेताना त्यांचा हात घाईला आला होता.

"सावकाश खा," प्रेमिला म्हणाली, भिंतीला नाही, बकरीलाही नाही. "गरम हाये."